आस्सुंताबाईंचं बियाणं

कासू, ता. पेण
१४ जुलै १९९६

आस्सुंताबाई,

तुम्हाला सौभाग्यवती लिहायचं की श्रीमती ते तुमच्या जावयाने कळवलेलं नाही, म्हणून नुसतं बाई लिहिते. राग मानू नका. मी चंद्रावती, जगनची आई. हे पत्र जगनच तुम्हाला वाचून दाखवेल, तुमच्या गावात मराठी वाचणारं दुसरं कोण असणार? पण पत्र तुम्हाला आहे, त्याला नाही. त्याने तिकडे लग्न केलं ही बातमी आम्हाला साडेतीन वर्षांपूर्वी शेजारच्या गडब गावच्या दत्तात्रेयाने दिली. तोही जगनसारखा मालाच्या बोटीवर असतो. पेणच्या बाजारात, माझ्या हातात सुकटीची पिशवी असताना त्याने मला पेढा दिला आणि म्हणाला, काकी, जगनचं लग्न झालं की! मला माहीत असल्यासारखा तो पेढा मी खाल्ला. घरी येताना ठरवलं, हा मुलगा समोर उभा राहीपर्यंत त्याला एक अक्षर लिहायचं नाही. त्याची पत्रं येतात, मी वाचते, उत्तर देत नाही. विहिणीला लिहिणार नाही असं मात्र मी कुठे बोलले नव्हते.

त्याला म्हणावं, मधलं काही गाळायचं नाही. शाळेत धडा वाचताना अडचणीचा शब्द आला की हा गिळून पुढे जायचा. तुम्ही त्याच्या तोंडाकडे बघत राहा, म्हणजे कळेल.

तुम्ही पाठवलेलं बी मिळालं. जगनने सोबत लिहिलं होतं की याला झुकिनी म्हणतात, तुमच्या आजीपासून हे बी घरात राखलेलं आहे, दुकानात मिळत नाही, आणि भाजी दुधीसारखी लागते. झालं. कधी लावायचं, कसं लावायचं, एक ओळ नाही! आमच्याकडे वेलाचं बी मृगात टाकतात. परसात शिराळं, पडवळ, काकडी यांच्या रांगेतच आळं करून मी तुमचं बी टाकलं. थोडं राखेत घोळवून डब्यात ठेवलं, सगळं बी एकदम मातीत घालायची माझी रीत नाही. मग बांबू आणून मांडव घातला. चांगला कमरेच्या वर, दोऱ्या बांधून.

आता ऐका. शिराळं मांडवावर गेलं. पडवळ गेलं. काकडी तर हौसाच्या, म्हणजे आमच्या शेजारणीच्या, कौलावर जाऊन बसली. आणि तुमची झुकिनी? जागची हलत नाही! पानं हातभर पसरली आहेत, देठ जाड, अंगाला काटे, पण वर चढायचं नाव नाही. मी दोरी बांधून दिली, काठी टेकवली. रोज सकाळी उठले की आधी तिच्याकडे जाते. घरधनी ओट्यावर बसून हसतात. त्यांचं नाव काळुराम. नाव मी घेत नाही, लिहायला हरकत नाही. म्हणतात, "त्याच्या सासरचा वेल तो. त्यालाच वर यायाची लाज वाटते."

बाई, हा माणूस वाईट नाही. पण त्या पेढ्याच्या दिवशी भर अंगणात उभं राहून, चार माणसं ऐकत असताना म्हणाला, "आता ह्या अंगनात त्याने पाय ठेवायचा नाय." चारचौघांत बोललेला शब्द तो गिळत नाही. खाडीचं पाणी अडवायच्या खारबंदिस्तीच्या कामावर आयुष्य गेलं, बांध घातला की घातला.

तुमच्या वेलाला काय झालं आहे ते कळवा. मला चैन पडत नाही.

तुमची,
चंद्रावती


कासू
२२ ऑगस्ट १९९६

आस्सुंताबाई,

तुमचं उत्तर अजून नाही. आणि आता आलं तरी उशीर झाला. झुकिनी मेली.

आठ दिवस झड लागली होती. एक दिवस बघते तर पानांवर पांढरं पडलेलं, दुसऱ्या दिवशी बुंधा बोटाने दाबला तर चिखल. उपटून उकिरड्यावर टाकली आणि घरात येऊन इतकी रडले की हौसा धावत आली. तिला वाटलं कुणी गेलं. "भाजीसाठी रडतेस गो?" म्हणाली. तिला काय सांगू? तिची दोन्ही पोरं रोज संध्याकाळी घरी जेवायला असतात.

मी चिडले आहे, आणि तुमच्यावरच चिडले आहे, दुसऱ्यावर चिडायला तो समोर नाही. न चढणारा वेल असतो हे आधी सांगायला काय जात होतं? मी सगळ्या आळीला सांगून बसले होते की माझ्या विहिणीने परदेशातून बी पाठवलंय. आता बाया विचारतात, चंद्रावती, लागली का तुझी इंग्रजी काकडी? रिकामा मांडव बघून विचारतात बरं, आंधळ्या नाहीत.

तुमची मुलगी एल्दा कशी आहे ते विचारायचं नव्हतं, पण विचारते. तिला भात चालतो का?

चंद्रावती


कासू
२३ डिसेंबर १९९६

आस्सुंताबाई,

तुमचं लांबलचक पत्र मिळालं. अक्षर तुमच्या जावयाचं, पण बोलणं तुमचंच. त्याला इतकं समजुतीने कधी बोलता येत नव्हतं. आणि तुम्ही काढलेलं चित्र! जमिनीवर बसलेलं झाड, शेजारी बांबूचा मांडव, आणि मांडवावर मोठी फुली. मी हसले बाई, खूप दिवसांनी. चित्र कणगीवर चिकटवलं आहे.

तर ही चढत नाही. बसूनच राहते. पावसात लावायची नाही. फळ वीतभर झालं की तोडायचं, दुधीसारखं वाढू द्यायचं नाही. हे एवढं साधं होतं आणि मी महिनाभर त्या बिचारीला काठीने वर ढकलत होते.

भातकापणी उरकली, दिवाळी झाली, की लगेच डब्यातलं उरलेलं सगळं बी लावलं. आता हातात एकही दाणा नाही, म्हणून जीव टांगणीला आहे. सकाळी राख शिंपडते, संध्याकाळी विहिरीचं पाणी घालते. रोपं उगवली आणि हौसाच्या कोंबड्यांनी त्यातली काही उकरली, तेव्हा मी अशी ओरडले की हे ओट्यावरून उठून आले. दुसऱ्या दिवशी करवंदीच्या काट्या तोडून आणल्या आणि परसाला चारी बाजूंनी कूड घातला, मुंगी शिरणार नाही असा. विचारलं तर म्हणतात, "कोंबड्यांचा वीट आला, म्हनून." बरं.

तुम्ही लिहिलंत की फुलं दोन जातींची येतात, आणि थंडीत मधमाश्या कमी असल्या तर सकाळी नर फूल तोडून मादी फुलाला लावायचं. तेच करते. सूर्य उगवायच्या बेताला उकिडवी बसून फुलाला फूल लावते. माझ्या एकुलत्या एक मुलाचं लग्न मला बघायला मिळालं नाही, आणि तुमच्या फुलांची लग्नं मी रोज लावत बसले आहे. हे वाक्य त्याने वाचून दाखवलं का? दाखवलं नसेल तर पुन्हा वाचायला सांगा.

तुम्ही शेवटी एक लिहिलंत ते मी दोनदा वाचलं. तुमच्याकडे बी दुसऱ्या घरी दिलं, की त्या घरच्या मातीत पिकलेलं मूठभर बी परत घ्यायचं. मग ते बी दोन्ही घरांचं होतं. हे मला फार आवडलं. आमच्या घरातून एल्दाला अजून काही गेलेलं नाही, ना साडी ना खणनारळ. ह्यांच्यापुढे विषय काढायची सोय नाही. पण मूठभर बियांना ते कसे अडवणार? एक फळ झाडावरच जून होऊ देईन आणि त्यातलं बी तुम्हाला पाठवीन. आमच्याकडून सुनेला पहिलं तेच येईल. मग जगनलाही कळेल की या घराने तिला सून मानली. पुढचं पाऊल त्याने उचलायचं.

चंद्रावती


कासू
१९ जानेवारी १९९७

आस्सुंताबाई,

जगन बोटीवर चढला म्हणून त्याने बापाला कार्ड टाकलं आहे. मार्चपर्यंत दर्यात. मग हे पत्र तुम्हाला कोण वाचून दाखवणार? तरी लिहिते. घडी घालून ठेवा. मला लिहायची सवय लागली आहे, आणि घरात बोलायला माणूस एकच, तोही आपणहून बोलत नाही.

झुकिनी लागली! फिकट हिरवी, अंगावर शिरा, अगदी तुमच्या चित्रातल्यासारखी. पहिली तोडली ती जवळा घालून केली. तुम्ही तेलात नुसती परतता म्हणता, पण आमच्याकडे जवळ्याशिवाय भाजीला चव येत नाही. फुलांची भजी केली. हौसाने दोनदा मागून घेतली आणि म्हणाली, "चांगली हाय गो तुझी इहीन." आळीतल्या सगळ्या बाया येऊन बघून गेल्या. ह्यांनी ताट सरकवलं. "ज्या घराशी आपली सोयरीक झाली नाय, त्या घरचं मी खानार नाय." मी म्हटलं, माती आपली, पाणी आपलं, खत आपल्या म्हशीचं. तर म्हणतात, "बी त्यांचं." हे चटणी-भाकरी खाऊन उठले.

बियाण्याचं फळ मी राखलं आहे. सगळ्यात मोठ्या झाडावरचं, चांगल्या घाटाचं. ओळखायला देठाला माझ्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधली आहे आणि ह्यांना, हौसाला, तिच्या पोरांना, सगळ्यांना सांगून ठेवलं आहे की चिंधीवाल्याला हात लावायचा नाही. ते आता मांडीएवढं झालंय. साल टणक, रंग पिवळट पांढरा व्हायला लागलाय. नखाने टोचून बघते, अजून थोडं थांबायला हवं. दिवसातून किती वेळा जाऊन बघते ते विचारू नका. हे ओट्यावरून बघत असतात.

परवा त्यांनी विचारलं, "अजून किती दिस?" मी म्हटलं, कशाचे? तर उठून गेले. फळाचं विचारत होते की बोटीचं, कळलं नाही.

चंद्रावती


कासू
८ फेब्रुवारी १९९७

आस्सुंताबाई,

हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही हे मला ठाऊक आहे. मला तुमचं अक्षर कळत नाही, तुम्हाला माझं नाही, आणि आपल्या दोघींना जोडणारा दर्यात. पण आज लिहिलं नाही तर माझं डोकं फुटेल.

चार दिवसांपूर्वी गडबच्या दुकानात रेडिओवर सांगितलं म्हणे, तिकडच्या समुद्रात वादळात मालाची एक बोट बुडाली. नाव कुणाला नीट ऐकू आलं नाही. आपल्याकडची पोरं होती म्हणतात. हे तिथे मीठ आणायला गेले होते. परत आले ते मीठ न घेताच. मला काही सांगितलं नाही. मला हौसाकडून कळलं. तेव्हापासून पोस्टमनची सायकल दिसली की मी फाटकापर्यंत धावते आणि तो लांबूनच हात हलवतो, नाही म्हणून. दत्तात्रेयाच्या घरी जाऊन आले, तोही बोटीवर, त्यांनाही काही माहीत नाही. जेवण जात नाही. बसवत नाही, उभं राहवत नाही. ह्या खोलीतून त्या खोलीत फिरते आहे. मी त्याला चार वर्षांत एक अक्षर लिहिलं नाही, आस्सुंताबाई. तुम्हीच सांगा, मी काय वाईट आई आहे का? तो यावा म्हणूनच ना हट्ट धरला?

काल हे सकाळीच पिशवी घेऊन पेणला गेले. दुपारी रिकामी पिशवी घेऊन आले. काय आणायचं होतं, सांगितलं नाही. तिन्हीसांजेला परसात गेले, मग बाहेर. मी देवापुढे बसले होते, लक्ष दिलं नाही.

आज सकाळी परसात गेले तर झाडावर फळ नाही. नुसती चिंधी, खाली पडलेली.

बाई, मी काय बोलले ते लिहिता येत नाही. कुडाजवळ उभी राहून हौसाला, तिच्या पोरांना, त्यांच्या सात पिढ्यांना नाही नाही ते बोलले. ती बिचारी ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "तिठ्यावर जाऊन बघ गो. आन् तुझ्या मालकाला इचार."

तिठ्यावर गेले. रस्त्याच्या दोन बाजूंना दोन अर्धी पडली होती, मधोमध कापलेली, आतून कुंकू भरलेलं, शेजारी लिंबू. तुम्हाला ही रीत माहीत नसेल म्हणून सांगते. घरच्या माणसावर संकट असलं की आमच्याकडे अवसेला कोहळा उतरवतात. त्या माणसाचं नाव घेऊन ओवाळायचा, कुंकू लावायचं, कापून तिठ्यावर टाकायचा आणि मागे न बघता घरी यायचं. जे काही त्याच्यावर यायचं असेल ते कोहळ्यावर जातं. काल अवस होती.

बी चांगलं भरलं होतं. पांढरं, टपोरं, उन्हात चमकत होतं. तुमच्या आजीचं, तुमचं, माझं. मी खाली बसले. हात पुढे केला. एक मूठ, एवढंच तर हवं होतं. पण उतरवलेलं परत घरात आणलं तर टळलेलंही परत येतं, असं आमच्यात म्हणतात. खरं असेल, खोटं असेल, मला काय ठाऊक? माझा मुलगा पाण्यावर आहे. मी हात मागे घेतला. मग हौसाच्या कोंबड्या आल्या आणि मी तिथेच बसून त्यांना टिपताना बघत राहिले. शेवटचा दाणा संपेपर्यंत.

घरी आले तर हे ओट्यावर पाठ करून बसलेले. मी म्हटलं, ते माझं बियाण्याचं होतं. तुम्हाला सांगितलं होतं.

मग म्हणाले, "पेनच्या बाजारात कोहला नाय भेटला. सगला बाजार फिरलो."



"ह्यो कोहल्यासारखाच हाय," म्हणाले. "आन् त्याच्या सासरचा हाय. जास्त लागू पडंल."

आस्सुंताबाई, त्या माणसाने चार वर्षांत त्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. उतरवताना नाव घ्यावं लागतं. घेतलं असेल ना?

चंद्रावती


कासू
२ मार्च १९९७

चि. जगनला अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड काल आलं. तू जित्ता हायस. बुडाली ती बोट दुसरीच, तू तर तवा हजार कोस लांब बंदरात होतास, बोटीच्या सैपाकघरात कांदे सोलत. आमी इकडं मेलो ते येगळं. कार्ड वाचून मी तशीच हौसाकडं गेले, तिच्या पाया पडले, तिला नाय नाय ते बोलले होते म्हनून. ती म्हनाली, "पाया काय पडतेस गो, च्या घे." तिथंच बसून आमी दोघी रडलो.

तुला लिहायचं नाय असं मी ठरवलं होतं, तू समोर उभा राहीपर्यंत. मोडलं ते. जाऊ दे. तुझ्या सासूला शाळेतली भाषा लिहिली, तुला आपली घरचीच लिहिते. इतके दिस तुझ्या सासूच्या नावानं तुलाच लिहीत होते, आन् तुलाही ते ठाऊक होतं. मधलं काय काय गाळलंस ते आल्यावर इचारीन.

तू लिहितोस, सासू फोनवर इचारते बियान्याचं फळ पिकलं का. तिला सांग, पिकलं व्हतं. पन माझ्याकडं परत द्यायाला एक दाना नाय, दुसरं फळ जून व्हायाच्या आत झाडं वाळली. का नाय ते माझ्या आठ तारखेच्या पत्रात हाय, तिच्याकडं घडी करून ठेवलेलं असंल. तिला ते सावकाश वाचून दाखव. बापाचं बोलनं हाय तिथं गिळू नको.

आन् तू लिहितोस की नवीन बी टपालानं पाठवतो. नको. टपालानं पाठवलंस तर मी पाकीट परत पाठवीन, खरंच सांगते. ह्या टायमाला बी हातानं आनायचं. लावनी दिवाळीनंतर, तवा तुझी सुट्टी असंल. एल्दाला घेऊन ये. ती उकिडवी बसते का? नसंल तर शिकव, फुलांचं काम उभ्यानं होत नाय.

बापाचं म्हनशील तर काल तुझं कार्ड मी त्यांच्या हातात दिलं. उलटसुलट करून बघत राहिले. रातच्याला ताटात झुकिनी वाढली, शेवटची उरलेली, जवळा घालून. खाल्ली. "मीठ कमी हाय," म्हनाले. मी इचारलं, आता पोराला यायाला सांगू का? तर तोंड फिरवून म्हनतात, "मी बोललो ते अंगनाचं. अंगनात पाय ठेवायचा नाय, सगल्यांनी ऐकलंय. परसाचं मी काय बोललो नाय. परसातनं कोन आला तर मी काय करनार?"

आज सकाळी उठून बघते तर करवंदीचा कूड एका जागी तोडलेला. मानूस आत येईल एवढा. पेटी घेऊन आला तरी येईल. काट्या बाजूला रचून ठेवल्या हायत.

पन जगन, कूड असा उघडा ठेवला की हौसाच्या कोंबड्या आत येतात. सकाळपासून तिसऱ्यांदा हाकलल्या. ते ओट्यावर बसून बघतात, पन कूड लावत नायत. तवा जास्त दिस लावू नको.

तुझी आई